शिवणयंत्र नसताना फ्लीसचा स्कार्फ करून भेट दिला, तर तो अर्धवट दिसेल का?

मुळीच दिसणार नाही. तुम्ही लिहिले आहे की मुलीच्या शाळेत गरजूंसाठी स्कार्फ गोळा केले जात आहेत, घरी शिवणयंत्र नाही, तेव्हा फ्लीस, म्हणजे पॉलिएस्टरचे लवदार, ऊबदार कापड, नुसते कापले तर कडेने दशा सुटतील का, टोकांना गाठी माराव्याच लागतात का आणि असा स्कार्फ दुसऱ्याला द्यायला बरा दिसेल का. यांतला शेवटचा प्रश्न वाचून मी उत्तर लिहायला बसले आहे, कारण हाच प्रश्न मला चारचौघांत, उत्तराची वाट न पाहता विचारला गेला होता.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये लॉरेन्सजवळ राहते. एका हिवाळ्यात आमच्या मंडळाने जवळच्या निवारागृहासाठी स्कार्फ करायचे ठरवले आणि कापड आणणे, बेतणे, कापणे ही कामे माझ्याकडे आली. मी कापलेला गठ्ठा टेबलावर ठेवल्यावर मंडळातल्या एक ज्येष्ठ वहिनी, ज्यांनी कोल्हापूरला रीतसर शिवणवर्ग केलेला आहे, त्यांनी वरचा स्कार्फ उचलून कडेवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "अगं, याला टीपच नाही. टीप नसलेल्या कापडाला आमच्याकडे चिंधी म्हणतात. गरिबाला द्यायचे म्हणून असे द्यायचे का?" त्यातले शेवटचे वाक्य मला फार लागले. मी काही सांगण्याच्या आत त्यांनी निम्मा गठ्ठा काठ दुमडून आणते म्हणून घरी नेला.

वहिनींचा नियम खोटा नाही. माझ्या आईनेही मला तोच शिकवला. पण तो मांजरपाटाचा, पॉपलिनचा, खणाचा नियम आहे. त्या कापडात उभे आणि आडवे धागे नुसते एकमेकांवरून गेलेले असतात, त्यामुळे कापलेल्या कडेचा धागा मोकळा होतो आणि धुण्यागणिक दशा निघत जातात. फ्लीस हे मागावरचे कापडच नव्हे. ते स्वेटरसारखे टाक्यांचे, म्हणजे होजियरीच्या जातीचे असते. त्याचे फासे तारांच्या ब्रशने ओरबाडून वर काढतात, मग वरून कातरून सारखे करतात, आणि या खटाटोपात पॉलिएस्टरचे बारीक तंतू एकमेकांत असे गुंततात की कडेचा टाका सुटायला वावच राहत नाही. कापलेली कड उजेडात धरून पाहा: मध्ये टाक्यांची बारीक जाळी आणि दोन्ही बाजूंना दाट लव दिसेल, पण ओढून काढता येईल असा एकही लांब धागा सापडणार नाही. जिथे दशाच सुटत नाहीत तिथे टीप कशासाठी मारायची?

वहिनी स्कार्फ परत घेऊन आल्या तेव्हा स्कार्फच्या कडा लाटांसारख्या वरखाली झाल्या होत्या. त्यांचा हात उत्तम आहे. दोष हाताचा नव्हता. फ्लीस ताणले जाते, आणि यंत्राच्या फूटखाली, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखाली, जाड कापडाची दुमड दाबली गेली की वरचा थर पुढे ढकलला जातो, खालचा मागे ओढला जातो आणि टीप पडेपर्यंत कड लांबलेली असते. शिवाय मानेशी नेमकी ती जाड दुमड येते. हे मी तेव्हाही सांगितले होते. "स्वस्तातली नकली लोकर, तिचे काय एवढे," असे उत्तर मिळाले. ज्या गावाशेजारी आम्ही राहतो, त्याच लॉरेन्समधल्या मॉल्डन मिल्स या गिरणीत १९७९ च्या सुमारास पोलर फ्लीस घडले, आणि डिसेंबर १९९५ मध्ये गिरणी आगीत सापडली तेव्हा मालक ॲरन फ्यूरस्टाइन यांनी काम बंद असतानाही कामगारांना पगार दिले. त्या कापडाला नकली म्हणून झटकून टाकलेले मला आवडत नाही.

आता तुमच्या कामाचे. फ्लीसचा पन्हा साधारण ५८ ते ६० इंच असतो. एकच स्कार्फ हवा असेल तर १२ इंच कापड पन्ह्यात आडवे घ्या, झाला स्कार्फ. पाच हवे असतील तर दीड यार्ड घेऊन कापडाच्या लांबीत पट्टे पाडा, आणि माझे मत विचाराल तर नेहमी असेच कापा, कारण फ्लीस आडवे जास्त ताणले जाते आणि आडव्या कापलेल्या लांब कडा ओढल्या गेल्या की वळू लागतात. दोन्ही बाजूंची कारखान्यातली किनार आधी काढून टाका. ती कडक आणि बहुधा भोकाभोकांची असते. आमच्या या कामात सगळी कारागिरी कात्रीची आहे. धारदार, लांब पात्याची कात्री घ्या, खडूची रेघ उलट बाजूने मारा आणि प्रत्येक वेळी पाते टोकापर्यंत न मिटवता पुढे सरका, कारण टोक मिटले की तिथे खाच पडते, आणि टीप नसलेल्या कडेवर खाच लपत नाही. रोटरी कटर, म्हणजे फिरत्या गोल पात्याचा कापणारा, आणि त्याखालची चटई असेल तर फारच उत्तम.

झालरीसाठी टोकापासून ५ इंचांवर टाचण्यांची रांग लावा आणि तिथपर्यंत एकेक इंचाचे काप द्या. गाठी केवळ शोभेसाठी असतात. न मारल्याने काही उसवत नाही. मारायच्याच असतील तर प्रत्येक पट्टीची स्वतंत्र मारा. शेजारच्या दोन पट्ट्या एकत्र बांधल्या की टोक आवळून चुणीदार होते, आणि मग तो स्कार्फ खरोखरच अर्धवट दिसतो.

कुणी काठ दुमडायचा आग्रह धरलाच, तर कापून उरलेली पट्टी त्यांच्या हाती द्या आणि एक तरी धागा ओढून काढायला सांगा. मी हे त्या दिवशी करायला हवे होते, असे वहिनी भेटल्या की अजून मनात येते.

हे सगळे पॉलिएस्टरच्या फ्लीसपुरतेच खरे आहे. स्वेटशर्टचे आतून लव असलेले सुती कापडही काही दुकानांत फ्लीस म्हणूनच विकतात. त्याची कड वळते आणि पिसे सुटतात, म्हणून आधी एक कोपरा कापून पाहा. इस्त्री लावू नका, कापड वितळते; याच कारणाने गॅसपाशी हा स्कार्फ घालू नये. धुताना उलटा करून थंड पाण्यात टाका, नाहीतर वर गोळे धरतात, आणि गरजेशिवाय धुऊ नका, कारण प्रत्येक धुण्यात त्याचे प्लास्टिकचे तंतू पाण्यात जातात. स्कार्फ अगदी लहान मुलांसाठी असतील तर झालर ठेवू नका आणि लांबीही कमी करा. लोंबणारी टोके घसरगुंडीत अडकून गळ्याला फास बसू शकतो.