'बेअर': सोसणं, वाहणं आणि पालखी

प्रश्न असा आहे: इंग्रजी शिकताना 'बेअर' या क्रियापदाशी गाडी अडते. सोसणं, वाहून नेणं, फळं धरणं, जन्म देणं, आणि वर अस्वल. हे सगळं एकाच शब्दात कसं?

अस्वलाला आधी बाहेर काढा. तो निराळा शब्द, स्पेलिंग तेवढं सारखं.

त्याहून तातडीचं सांगतो. ऑफिसच्या ईमेलात 'बेअर विथ मी' लिहिताना बी-ए-आर-ई टाकणं कृपा करून थांबवा. ते बेअर म्हणजे उघडं. म्हणायचं असतं 'जरा कळ काढा' आणि समोरच्याला जातं कपडे उतरवायचं आमंत्रण. बी-ई-ए-आर!

बाकीचे अर्थ कुठलाही शब्दकोश देईल. सगळ्यांच्या मुळाशी भार पेलणं आहे: झाडानं फळांचा, आईनं गर्भाचा, खांबानं छताचा, मनानं दुःखाचा. 'बेअर लेफ्ट' म्हणजे डावीकडे कलत जा, तेवढं पाठ करा.

'भार' मुद्दामच म्हटलं. मूळ भारत-युरोपीय, म्हणजे संस्कृत, लॅटिन, ग्रीक, इंग्रजी या सगळ्यांच्या आदिभाषेतला, धातू 'भेर्'. संस्कृतात भृ, लॅटिनात फेरे (ट्रान्सफर, रेफर आणि सोसणं या अर्थाचं इंग्रजी सफर), ग्रीकात फेरेइन (मेटाफर). भ्राता, फ्रातेर, ब्रदर यांतही भ-फ-ब हाच फेर दिसेल. आपले भार, भरणे, भर्ता, भृत्य याच कुळातले. यावर लगेच 'बघा, इंग्रजी संस्कृतातूनच निघाली' असं फॉरवर्ड करणाऱ्यांना एवढंच: चुलतभावाला कुणी मुलगा म्हणत नाही.

माझा एक जुना संशयही नोंदवून ठेवतो. 'वॉटरबॉर्न'मधल्या बॉर्नच्या शेवटी ई असतो. अर्थ 'वाहून आणलेला'; ई नसलेलं बॉर्न म्हणजे 'जन्मलेला'. आपल्याकडे मात्र सरकारी पत्रकांत जलजन्य आणि कीटकजन्य आजार. भाषांतर करणाऱ्याच्या नजरेतून तो ई निसटला, असं माझं ठाम मत आहे. 'जन्य म्हणजे पासून होणारा, त्यात काय चुकलं?' असा बचाव ऐकलाय. मग डास हिवतापाचा बाप ठरतो! तो तर नुसता हमाल.

पण खरी मजा 'बेअरर'मध्ये आहे. इंग्रजी अमलात बंगाल इलाख्यात साहेबाचे कपडे, घरातलं सामान, कधी रोकडसुद्धा सांभाळणारा नोकर म्हणजे बेअरर. संस्कृतचे इंग्रज पंडित एच. एच. विल्सन यांनी १८५५च्या आपल्या कोशात हा शब्द इंग्रजी नव्हेच, बंगाली 'वेहारा'चा, म्हणजे संस्कृत 'व्यवहारी'चा अपभ्रंश, असं ठरवून टाकलं. किती विद्वत्तापूर्ण, आणि किती अनावश्यक! यूल आणि बर्नेल यांनी १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात त्याला ऐतिहासिक पुरावाच नाही म्हणून फटकारलं. घरातला बेअरर हा बहुधा पालखी वाहणाऱ्यांचाच म्होरक्या असे. पालखी खांद्यावर घेणारा तो बेअरर, इतकं सरळ. संस्कृत दिसलं की विरघळणारे आजही विल्सनसाहेबांच्याच वाटेनं जातात.

त्याच 'हॉब्सन-जॉब्सन'मध्ये 'बॉय'ची नोंद उघडा. त्याचा एक अर्थ पालखीवाहक, आणि तिथे इंग्रजी पोराचा काही संबंध नाही. तो आलाय तेलुगू 'बोयी'वरून. आपला भोई त्याचाच सोयरा. तेव्हा जुन्या साहेबी प्रवासवर्णनात 'बॉइज'नी पालखी उचलली असं वाचलंत, तर पोरासोरांना राबवलं म्हणून हळहळू नका. ते भोई होते, चांगले बाप्ये.