कंपनी विकली गेली, आता माझ्या गाण्यांचं काय?

प्रश्न : सात वर्षं एकाच सॉफ्टवेअरवर गाणी करतोय. परवा मेल आला की ती कंपनी एका मोठ्या कंपनीनं घेतली, आणि खाली 'काहीही बदलणार नाही' असं लिहिलंय. खरं मानायचं का? दीडशेच्या वर प्रोजेक्ट आहेत, लगेच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर जाऊ का?

उत्तर : घाईनं सोडू नका, पण त्या वाक्याच्या भरवशावरही राहू नका. लिहिणाऱ्याला मनापासून तसं वाटतही असेल, पण निर्णय आता त्याच्या हातात नाही ना. घेणाऱ्याला नक्की काय हवंय ते बघा, कारण बऱ्याचदा त्याला तुमचं सॉफ्टवेअर नकोच असतं, त्यातलं तंत्र किंवा ते बनवणारी माणसं हवी असतात. २००२ मध्ये अॅपलनं लॉजिक हे गाणी करायचं सॉफ्टवेअर बनवणारी इमॅजिक कंपनी घेतली आणि त्याच वर्षी लॉजिकचं विंडोज व्हर्जन बंद केलं. मॅकवाल्यांचं भलं झालं, विंडोजवाल्यांच्या हातात जुन्या फायली उरल्या. २०१५ मध्ये कॅमल ऑडिओ कंपनीचं तेच झालं, त्यांचा अल्केमी सिंथ (वाद्यासारखे आवाज तयार करणारं सॉफ्टवेअर) त्याच वर्षी लॉजिकच्या आत गेला आणि सुटा मिळायचा बंद झाला.

केकवॉक या गाण्यांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीची गोष्ट तर मला अजून टोचते. गिब्सननं ती २०१३ मध्ये रोलँडकडून घेतली, पुढे 'आयुष्यभर अपडेट' म्हणून लोकांकडून पैसेही घेतले गेले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये काम थांबवल्याचं जाहीर झालं. फेब्रुवारी २०१८ मध्ये बँडलॅब या दुसऱ्या कंपनीनं ते सॉफ्टवेअर विकत घेऊन फुकट दिलं म्हणून लोक वाचले, पण असं दरवेळी होत नाही. सिबेलियस हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर अॅव्हिड कंपनीनं २००६ मध्ये घेतलं, २०१२ मध्ये त्याचं लंडनचं ऑफिस बंद केलं, तिथली टीम स्टाइनबर्ग या दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि २०१६ मध्ये त्यांनी डोरिको हे तसंच नवं सॉफ्टवेअर आणलं. सिबेलियस आजही मिळतं हो, पण ते घडवणारी डोकी गेली ती गेलीच. म्हणून मी तर आधी हेच बघतो की जुनी टीम राहिली की गेली.

आता तुमचं. चालू असलेलं सॉफ्टवेअर सहसा विक्रीच्या दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही, ते अडतं तुम्ही कंप्युटर बदलता तेव्हा, कारण नव्या मशीनवर अॅक्टिव्हेशन कंपनीच्या सर्व्हरवरून होतं आणि तो सर्व्हर बंद झाला की पैसे भरलेलं लायसन्स असूनही उपयोग नाही. दुसरं कारण ऑपरेटिंग सिस्टीम. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिना आली आणि ३२ बिटचे जुने प्लगइन (मुख्य सॉफ्टवेअरला जोडायची छोटी सॉफ्टवेअर) एका अपडेटमध्ये गेले. ज्यांची कंपनीच उरली नव्हती त्यांना नवीन व्हर्जन कोण देणार?

माझा स्वतःचा एक सिंथ असाच गेला. प्रोजेक्ट उघडतो, नोट्स दिसतात, आवाज नाही. ट्रॅक वेळेवर बाउन्स केला असता, म्हणजे त्याची आवाजाची फाइल काढून ठेवली असती, तर तो पॅडचा (मागे लांबत राहणारा) आवाज आज माझ्याकडे असता, तसा दुसरा मला अजून जमलेला नाही. म्हणून कळकळीनं सांगतो, सॉफ्टवेअर चालतंय तोवरच प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत २४ बिट वेव्ह फायलीत काढा, एकदा इफेक्टसकट, एकदा कोरा. सगळे एकाच ठिकाणाहून सुरू झाले पाहिजेत, नाहीतर दुसरीकडे जुळवताना जीव जातो. मिडी (नुसत्या नोट्सची फाइल) वेगळी काढा, टेम्पो म्हणजे गाण्याचा वेग लिहून ठेवा, मधे बदलत असेल तर कुठे बदलतो तेही. इन्स्टॉलर आणि सीरियल नंबर बाहेरच्या डिस्कवर ठेवा. दीडशे एकदम होणार नाहीत, जी गाणी कुणी परत मागू शकेल आणि जी तुमच्या जिवाची आहेत ती आधी घ्या, रोज दोन केली तरी खूप झालं.

नवीन सॉफ्टवेअर हळूहळू शिका, पुढचं एखादं गाणं त्यात सुरू करून बघा. अर्धवट गाणी मात्र जुन्यातच पुरी करा, मधेच घर बदललं की ती तशीच राहतात.

प्रश्न : नव्या मालकाचा मेल आलाय, जुनं लायसन्स त्यांच्या नव्या अकाउंटवर हलवा म्हणे. चालढकल केली तर चालेल?

उत्तर : नाही, आजच करा. अशा कामाला बहुतेक वेळा मुदत असते आणि जुनी साइट बंद झाली की खरेदी सिद्ध करायला तुमच्याकडे फक्त पावती उरते. लिंक मेलमधली न वापरता कंपनीच्या साइटवर स्वतः जाऊन उघडा, आणि ती पावती आधी शोधून ठेवा.