कोकेनच्या व्यसनासाठी दिवसभराचा उपचारकार्यक्रम निवडताना नेमके काय पाहावे?

तुम्ही लिहिले आहे की तुमचा धाकटा भाऊ काही वर्षांपासून कोकेन घेतो, पूर्वी शनिवार-रविवारपुरते असलेले हे घेणे आता आठवड्याच्या मधल्या दिवसांपर्यंत आले आहे, त्याच्या जोडीला दारूही आहे आणि नोकरी मात्र अजून टिकून आहे. डॉक्टरांनी एकतर भरती होऊन उपचार घ्यावेत किंवा सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतण्याच्या कार्यक्रमात नाव घालावे असे सांगितले, भावाने दुसरा मार्ग पसंत केला, आणि आता तीन केंद्रांची माहितीपत्रके समोर ठेवून तुम्ही विचारता आहात की यांतले निवडायचे कसे. मी व्यसनोपचारात समुपदेशक म्हणून काम करते आणि दिवसभराच्या कार्यक्रमांतच माझा बराच काळ गेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. माहितीपत्रकांत सगळीकडे सारखेच असते ते, म्हणजे इमारत, ध्यानवर्ग, ‘सर्वांगीण’ वगैरे विशेषणे, बाजूला ठेवा आणि दोनच गोष्टी शोधा: हे केंद्र खास कोकेनसाठी म्हणून काय करते, आणि भाऊ केंद्रात नसेल त्या तासांचा त्यांनी काय विचार केला आहे.

त्याआधी एक टप्पा आहे, तो ओलांडून पुढे जाऊ नका. दिवसभराचा कार्यक्रम भावाला मुळात झेपणारा आणि सुरक्षित आहे का, हे प्रवेशापूर्वीच्या तपासणीत ठरायला हवे. कोकेन बंद केल्यावर पहिले काही दिवस माणूस गळून जातो, खूप झोपतो, खूप खातो, कशातच रस वाटत नाही आणि मन खचते; हे सोसणे कठीण असले तरी केवळ या लक्षणांमुळे शरीराला सहसा धोका होत नाही. दारूचे तसे नाही. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी थांबवली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि जीवही जाऊ शकतो. झोपेसाठी किंवा घबराटीसाठी बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या असतील तर त्यांचेही तेच. म्हणून दारूचे खरे प्रमाण डॉक्टरांना कळलेच पाहिजे, आणि ते जास्त असेल तर सुरुवातीचे दिवस रुग्णालयात काढून मग दिवसभराच्या कार्यक्रमात जाणे हाच योग्य क्रम. आत्महत्येचे विचार, कोणीतरी पाठलाग करत असल्याचा पक्का संशय, छातीत दुखल्याचा इतिहास, किंवा ज्या घरी रोज परतायचे तिथेच दुसरे कोणी कोकेन घेत असणे, यांपैकी काही असेल तर भावाची पसंती काहीही असो, भरती होण्याचा पर्याय आधी तपासा. ज्या केंद्राने ईसीजी, रक्तदाब आणि मानसिक स्थितीची चौकशी न करता फोनवरच ‘उद्यापासून या’ असे सांगितले, त्याचे माहितीपत्रक मी तिथेच मिटले असते.

‘दिवसभराचा कार्यक्रम’ या नावाखाली बरेच काही खपते, तेव्हा तास विचारा. अमेरिकन सोसायटी ऑफ ॲडिक्शन मेडिसिनच्या बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या निकषांत प्रौढांसाठी आठवड्याला किमान ९ तासांचा कार्यक्रम ही एक पातळी मानली जाते आणि किमान २० तासांचा ही त्याच्या वरची. तुमच्या भावाचे घेणे वाढत चालले आहे, म्हणून सुरुवात वरच्या पातळीने व्हावी आणि जम बसल्यावर तास कमी व्हावेत असे मला वाटते.

तुमच्या प्रश्नात एक शंका दडलेली दिसते, की घरी परतू देणारा उपचार म्हणजे कमी प्रतीचा उपचार तर नव्हे? यावर फिलाडेल्फियात झालेला आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास उपयोगी आहे. कोकेनवर अवलंबून असलेल्या १११ माजी सैनिकांपैकी काहींना महिनाभर भरती करून घेतले, काहींना दिवसभराच्या कार्यक्रमात ठेवले, आणि कोणी कुठे जायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. भरती झालेल्यांपैकी ८९ टक्क्यांनी उपचार पूर्ण केले, दिवसा येणाऱ्यांपैकी फक्त ५४ टक्क्यांनी. मात्र सात महिन्यांनी पाहिले तेव्हा दोन्ही गटांत सुधारणा होती आणि दोहोंत फारसा फरक उरला नव्हता. दिवसाच्या कार्यक्रमाचा खर्चही बराच कमी होता. मी यातून असा अर्थ घेते की दिवसाचा कार्यक्रम उपचार म्हणून उणा नाही, पण गळती ही त्याची दुखरी नस आहे. म्हणून प्रत्येक केंद्राला हे विचाराच: एखादा माणूस सकाळी आलाच नाही तर तुम्ही काय करता? चांगल्या केंद्राचे उत्तर ठोस असते, म्हणजे अमुक वाजेपर्यंत आला नाही तर त्याचा समुपदेशक स्वतः फोन करतो, संध्याकाळपर्यंत संपर्क झाला नाही तर त्याच्या लेखी संमतीने घरच्यांना कळवतो, दुसऱ्या दिवशी तो आला तर त्याला आधी एकट्याला भेटतो. ‘शेवटी इच्छाशक्ती त्याचीच हवी’ असे उत्तर मिळाले तर त्याचा अर्थ इतकाच की तिथे अशी काही व्यवस्था नाही.

आता कोकेनसाठी म्हणून काय, याकडे वळते. अफूवर्गीय पदार्थांसाठी मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे आहेत, दारूसाठी नाल्ट्रेक्सोनसारखी काही आहेत; कोकेनच्या व्यसनावर मात्र अमेरिकेच्या औषध नियामकाने अद्याप एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. डिसल्फिरम, टोपिरामेट, मोडाफिनिल अशी अनेक औषधे आजमावून झाली, पण भरवशाचे असे हाती लागले नाही. नैराश्य, निद्रानाश किंवा दारू यांसाठी औषधे लागू शकतात आणि ती मानसोपचारतज्ज्ञांनी जरूर द्यावीत. पण तलफ मुळासकट उपटणारे इंजेक्शन किंवा ‘मेंदू शुद्ध करणारे’ सलाईन आमच्याकडे आहे असे जो सांगतो, त्याच्याकडे जाऊ नका.

सर्वांत भक्कम पुरावा आहे तो कंटिंजन्सी मॅनेजमेंट या पद्धतीचा, आणि ती ऐकायला इतकी साधी वाटते की अनेक कुटुंबे हसून सोडून देतात. आठवड्यातून दोन-तीनदा लघवीची तपासणी होते. कोकेनचा अंश आढळला नाही की लगेच, त्याच भेटीत, ठरलेल्या किमतीचे व्हाउचर मिळते. सलग निर्मळ तपासण्यांबरोबर त्याची किंमत वाढत जाते आणि अंश आढळला की ती पुन्हा पहिल्या पायरीवर येते. व्हर्माँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत कोकेनसाठी घडवली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ४० जणांच्या अभ्यासात व्हाउचर मिळणाऱ्यांपैकी ७५ टक्के २४ आठवडे टिकले, आणि तेच समुपदेशन व्हाउचरविना मिळालेल्यांपैकी ४० टक्के. तपासणी इतक्या वेळा का, तर कोकेनचे शरीरात बनणारे बेंझॉइलएक्गोनिन हे रसायन साधारण दोन ते चार दिवसच लघवीत सापडते; आठवड्यातून एकदाच, तेही ठरलेल्या वारी होणारी तपासणी चुकवणे कोणालाही जमते. प्रत्यक्षात हे सारे फार कोरडेपणाने चालते: बाटलीवरच्या तापमानपट्टीकडे पाहून नमुना ताजा असल्याची खात्री होते, चाचणीची पट्टी बुडवली जाते, काही मिनिटांत रेषा उमटते, वहीत नोंद होते आणि व्हाउचर हातात पडते. या मिनिटांत पट्टीकडे टक लावून बसलेला पन्नाशीचा व्यवस्थापक मी पाहिला आहे. व्हाउचरच्या रकमेची त्याला काडीची गरज नव्हती, पण ते घडी घालून खिशात ठेवताना त्याचा चेहरा उजळला होता.

‘म्हणजे व्यसन न करण्याची लाच द्यायची का?’ असे नातेवाईक विचारतात. कोकेनचे सुख तात्काळ असते आणि ते सोडल्याचे सुख महिनोन्‌महिने दिसत नाही. हे अंतर भरून काढायला सुरुवातीला काहीतरी लगेच मिळणारे लागते, इतकेच. शिवाय कोकेनच्या किमतीशी व्हाउचरची तुलना करून पाहा, मग लाच हा शब्द टिकत नाही. ही पद्धत फार थोडी केंद्रे वापरतात, हे खरे. तीनपैकी एकाकडे ती असेल तर मी बाकीच्या उणिवांकडे काणाडोळा करून तेच निवडेन. कोणाकडेच नसेल तर निदान वारंवार तपासणी आणि तिच्या निकालावर त्याच दिवशी समुपदेशकाशी बोलणे होते का ते पाहा.

समुपदेशनाबाबत थोडक्यात सांगते. केवळ गटात बसवणे पुरत नाही. अमेरिकेत ४८७ रुग्णांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गटाबरोबरच व्यसनाविषयीचे वैयक्तिक समुपदेशन मिळालेल्यांचे कोकेनचे सेवन इतर तीन उपचारांतील लोकांपेक्षा जास्त घटले. तेव्हा आठवड्यातून किमान एकदा त्याच समुपदेशकाशी एकट्याने बसणे होते का, हे विचारा. ज्या गटात माणसाला उभे करून त्याचा पाणउतारा करतात आणि त्याला ‘कठोर प्रेम’ म्हणतात, तो गट टाळा.

पाच वाजता भाऊ तिथून बाहेर पडेल. त्यानंतरचे तास हाच या निवडीचा गाभा आहे असे माझे मत आहे. चांगल्या कार्यक्रमात शुक्रवारची दुपार याच कामासाठी असते. प्रत्येकाच्या हातात शनिवार-रविवारचा तासातासाचा कागद असतो आणि प्रश्न बारीक असतात: शनिवारी रात्री आठ ते बारा कुठे असशील? सोबत कोण? पगार कोणत्या तारखेला जमा होतो आणि त्या रात्री कार्ड कोणाकडे असेल? पुरवठादाराचा नंबर नुसता पुसलास की ब्लॉकही केलास, आणि तो पाठ असेल तर स्वतःचा नंबर बदलायची तयारी आहे का? ‘मित्रांबरोबर जेवायला’ असे कोणी लिहिले की समुपदेशक विचारतो, कोणते मित्र, आणि टेबलावर दारू असेल का. दारूचा मुद्दा इथे विशेष महत्त्वाचा आहे, कारण कोकेन आणि दारू एकत्र घेतल्यावर यकृतात कोकाएथिलीन तयार होते, ते कोकेनपेक्षा जास्त काळ टिकते आणि हृदयावर जास्त ताण आणते. शिवाय तुमच्या भावासारख्या अनेकांच्या बाबतीत दोन पेग हीच पुडीकडे जाण्याची वाट असते. ‘आम्ही फक्त कोकेन सोडवतो, माफक दारूला हरकत नाही’ असे म्हणणारे केंद्र तुमच्या भावासाठी नाही. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी फोन उचलणारा माणूस कोण, हेही नावानिशी विचारा.

मध्येच एखाद्या दिवशी त्याने पुन्हा घेतले तर केंद्र काय करते, या प्रश्नाचे उत्तर लेखी मागा. काही ठिकाणी एका तपासणीत कोकेनचा अंश आढळला की नाव कापतात. ज्या लक्षणासाठी माणूस आला तेच दिसले म्हणून त्याला बाहेर काढणे मला कधीच पटलेले नाही. अशा वेळी तास वाढवावेत, आराखडा बदलावा, गरज पडली तर भरती करावे. रस्त्यावरच्या कोकेनमध्ये काही देशांत फेंटानिल हा अतिशय तीव्र अफूवर्गीय पदार्थ मिसळलेला आढळतो आणि तो अत्यल्प प्रमाणातही श्वास थांबवू शकतो. त्यामुळे अशा पदार्थांचा परिणाम उलटवणारे नालॉक्सोन हे औषध कसे वापरायचे हे कुटुंबाला शिकवणारे केंद्र वास्तवाला धरून चालते असे समजा.

मुदतीबद्दल केंद्रे गुळमुळीत बोलतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार भरती असो वा नसो, ९० दिवसांहून कमी उपचाराचा उपयोग मर्यादित असतो. म्हणून तीन-चार आठवड्यांनंतर कार्यक्रम संपत नाही, तर तास कमी होत पुढे चालू राहतो, अशी रचना हवी. नोकरी टिकवायची असल्यास सुरुवातीचे आठवडे वैद्यकीय रजा आणि त्यानंतर कामाच्या वेळेबाहेरचे सत्र, असा आराखडा प्रवेशाच्या वेळीच मागून घ्या. कुटुंबासाठीची सत्रे असतील तर तुम्ही जा, मात्र भावाच्या तपासणीचे निकाल तुम्हाला किती कळावेत हे त्याच्या संमतीने आधीच ठरवा. त्याच्या पाठीमागे केंद्राला फोन करून माहिती काढणे टाळा, आणि अशी माहिती सहज देणाऱ्या केंद्रापासूनही सावध राहा. शक्य झाल्यास अंतिम भेटीला त्यालाच पुढे बसवा आणि वरचे प्रश्न त्याला विचारू द्या.

प्रवेशाची तारीख मिळेपर्यंतचे दिवस अनेकदा सर्वांत अवघड जातात, म्हणून केंद्राकडे त्या काळातही भावासाठी आठवड्यातून एकदा भेटीची वेळ मागा. या दिवसांत छातीत दुखणे, फिट, अंग तापून गोंधळल्यासारखे वागणे, किंवा सेवन थांबवल्यावर ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असे बोलणे, यांपैकी काहीही घडले तर केंद्राच्या उत्तराची वाट न पाहता त्याला थेट आपत्कालीन विभागात न्या आणि तिथल्या डॉक्टरांना कोकेनबद्दल स्पष्ट सांगा, कारण कोकेनमुळे छातीत दुखत असताना नेहमीची काही हृदयाची औषधे, विशेषतः बीटा-ब्लॉकर, ते जपून वापरतात.