सरसकट 15 टक्के आयकर: फायदा नक्की कोणाचा?

सगळ्यांना एकच आयकर दर लावा म्हणणाऱ्यांनो, तुमचा प्रस्ताव असा: सगळे स्लॅब (उत्पन्नाप्रमाणे चढत जाणाऱ्या दरांचे टप्पे) मोडीत काढायचे, पहिल्या 4 लाखांना हात लावायचा नाही, त्यापुढच्या प्रत्येक रुपयावर सरसकट 15 टक्के. रिबेट (ठरावीक उत्पन्नापर्यंत करात मिळणारी सूट) नाही, वजावटी नाहीत. आणि यात फायदा मध्यमवर्गाचा! हे शेवटचं वाक्य मात्र कागद-पेन्सिल घेतली की टिकत नाही. लोकांची रिटर्नं भरण्यात पंचवीसेक वर्षं गेली, त्यामुळे सवयीनं आधी आकडे मांडले.

2025-26 ची नवी करप्रणाली घेऊ, सेस-सरचार्ज (करावरचे जादा आकार; सरचार्ज फक्त मोठ्या उत्पन्नांना) बाजूला ठेवू. करपात्र उत्पन्न 12 लाख असेल तर आज रिबेटमुळे कर शून्य. तुमच्या हिशेबात 1 लाख 20 हजार. 16 लाखांवर आज 1 लाख 20 हजार, तुमच्याकडे 1 लाख 80 हजार. 20 लाखवाला 2 लाखांऐवजी 2 लाख 40 हजार भरणार. 24 लाखांना दोन्हीकडे बरोबर 3 लाख, म्हणजे काटा तिथे मध्यावर येतो. आणि 1 कोटीवाला? आज 25 लाख 80 हजार, उद्या 14 लाख 40 हजार. सरचार्ज धरला तर त्याची बचत आणखी फुगते. आता 24 लाखांच्या वर किती पगारदार आहेत, हे आपापल्या ऑफिसात नजर फिरवून ठरवा.

कोणी म्हणेल, मग 10 टक्के करा. करू. काटा 16 लाखांवर सरकतो, पण 12 लाखवाल्याला तरीही 80 हजार भरावे लागतात, आणि कोटीवाल्याचे 16 लाख 20 हजार वाचतात. तिजोरीतली ही तूट भरायला सरकार शेवटी जीएसटीकडेच वळणार, आणि साबणाच्या वडीवरचा जीएसटी तुमचा पगार विचारत नाही.

रशियाचं उदाहरण तुम्ही दिलंत. 2001 मध्ये तिथे 12, 20 आणि 30 टक्क्यांचे टप्पे जाऊन सरसकट 13 टक्के आले आणि वसुली वाढली, हे खरं. पण त्याच सुमारास अर्थव्यवस्था सावरत होती, तेलाचा पैसा येत होता, करवसुलीची यंत्रणाही कडक झाली होती. सगळं श्रेय 13 या आकड्याला देणं म्हणजे कावळा बसला म्हणून फांदी मोडली म्हणण्यासारखं. पुढचं कोणी सांगत नाही: 2021 मध्ये वरच्या उत्पन्नाला 15 टक्के लागले आणि 2025 पासून तिथे 13 ते 22 असे पाच टप्पे आहेत. स्लोवाकियानं 2004 मध्ये 19 टक्के आणले, 2013 मध्ये वर 25 चा दुसरा दर जोडला. बल्गेरिया 2008 पासून 10 टक्क्यांवर टिकून आहे, हेही सांगायला हवं.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती हंगेरी. 2011 मध्ये 16 टक्के आले, पाठोपाठ कमी पगारवाल्यांची करसवलत काढली. त्यांच्या हातात पडणारा पगार घटू नये म्हणून 2012 मध्ये किमान वेतन 78 हजारांवरून 93 हजार फोरिंट (तिथलं चलन) करावं लागलं. म्हणजे वरच्यांना दिलेल्या सवलतीची भरपाई मालकांच्या खिशातून.

सोपेपणाचा मुद्दा मात्र मला अर्धाच पटतो. स्लॅबचा गुणाकार सहावीतलं पोरही करेल. क्लायंट फाईल घेऊन येतो तेव्हा डोकं खातो तो प्रश्न वेगळाच: शेअर विकले त्याचं काय, आईच्या नावावरच्या फ्लॅटचं भाडं कोणाचं, गावच्या उसाचे पैसे दाखवायचे का. दर एकच केलात तरी यातला एकही प्रश्न जात नाही. उलट शेअरवरच्या दीर्घकालीन नफ्याला आजही सरसकट साडेबारा टक्केच आहेत, आणि त्याच कागदांत माझ्या निम्म्या संध्याकाळी जातात.

जाता जाता: अगदी समान कर हवाच असेल तर महाराष्ट्रात तो आहे. व्यवसाय कर. शिपायाचा पगार महिना 10 हजारांच्या वर गेला की तोही वर्षाला 2,500 भरतो, आणि त्याचा एमडीही 2,500च. (महिलांना 25 हजारांपर्यंत माफी आहे.) यात मध्यमवर्गाचा फायदा झाला असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.