वाचक विचारतात : ग्रीकांचं सुख आणि आपला मूड

मागच्या महिन्यात सॉक्रेटिसच्या खटल्यावर दोन पानं लिहिली होती (इ.स.पू. ३९९, अथेन्स, आरोप असा की शहराचे देव मानत नाही आणि तरुणांना बिघडवतो, शिक्षा विषाचा प्याला). त्यावर जे मेसेज आले ते खटल्याबद्दल कमी आणि ‘ते ठीक आहे हो, पण मग जगायचं कसं’ याबद्दलच जास्त. म्हणून यावेळी तेच घेतोय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, चार प्रश्न निवडलेत.

प्रश्न : माझं वय ३६. नोकरी ठीक, घरचे ठीक, तब्येत ठीक, तरी ‘सुखी आहेस का’ असं कोणी विचारलं तर पटकन हो म्हणता येत नाही. ग्रीक लोकांनी ‘युडायमोनिया’ नावाचं काहीतरी सांगितलंय म्हणे, ते नक्की काय?

पहिला घोळ भाषांतराचाच आहे. ‘यु’ म्हणजे चांगलं, ‘डायमोन’ म्हणजे एखादी दैवी शक्ती, तर मुळात ज्याच्यावर दैवाची मेहेरनजर आहे असा माणूस, असं काहीतरी. आपण त्याला सरळ ‘सुख’ म्हणून मोकळे होतो आणि मग लगेच स्वतःचा मूड चेक करायला लागतो, आत्ता कसं वाटतंय, काल कसं वाटत होतं. अ‍ॅरिस्टॉटलला (इ.स.पू. ३८४ ते ३२२) तुमचा प्रश्न ऐकून थोडं नवल वाटलं असतं, कारण त्याच्या लेखी ही वाटण्याची गोष्टच नाही, करण्याची आहे. ‘निकोमाखियन एथिक्स’मध्ये तो म्हणतो की ऑलिंपियाच्या खेळांमध्ये मुकुट सगळ्यात देखण्या किंवा सगळ्यात ताकदवान माणसाला मिळत नाही, जे मैदानात उतरतात त्यांच्यातल्याच कोणाला तरी मिळतो. म्हणजे अंगात चांगुलपणा असून आयुष्यभर झोपून राहिलात तर उपयोग काय? आणि हा चांगुलपणा तरी येतो कुठून, तर वाद्य वाजवून वाजवून माणूस वादक होतो, घरं बांधून बांधून गवंडी होतो, तसंच धाडसाची कामं करत करत धाडसी आणि न्यायाने वागत वागत न्यायी. आधी मनातून पक्कं वाटू दे मग करतो, असं म्हणणारा त्याच्याकडे पास होत नाही.

शिवाय हे सगळं मोजायचं पूर्ण आयुष्याच्या हिशोबाने. एक पाकोळी दिसली म्हणून वसंत येत नाही, हे त्याचंच वाक्य. त्यामुळे एखाद्या मंगळवारी संध्याकाळी ‘मी सुखी आहे का’ या प्रश्नाला उत्तर सापडत नाही यात तुमचं काही चुकत नाहीये, प्रश्नच चुकीच्या मापाने विचारलाय. मी तुमच्या जागी असतो तर ‘ठीक, ठीक, ठीक’ या यादीकडे बघितलं असतं. त्यात जे आहे ते सगळं तुमच्याकडे ‘असलेलं’ आहे, तुम्ही काय करता ते त्यात कुठेच नाही. आणि मित्र तर अजिबातच नाहीत! अ‍ॅरिस्टॉटलच्या पुस्तकाचे दहा भाग आहेत, त्यातले आठवा आणि नववा असे अख्खे दोन भाग मैत्रीवर आहेत, इतकी जागा त्याने दुसऱ्या कुठल्याच एका गुणाला दिलेली नाही.

एक गोष्ट मात्र तो लपवत नाही, की सगळं काही आपल्या हातात नसतं. ट्रॉयचा राजा प्रायम आयुष्यभर नीट जगला आणि म्हातारपणी डोळ्यांदेखत मुलं गेली, शहर गेलं, आता त्याला सुखी कसं म्हणणार? चांगला माणूस अशातही कोसळून नीच होत नाही एवढं तो म्हणतो, पण ‘खरं तर तो सुखीच होता’ असली सारवासारव करत नाही. मला हा माणूस याचसाठी आवडतो. (दहाव्या भागात तो शुद्ध चिंतनाचं आयुष्य सगळ्यात वरचं ठरवतो, ते मला अजून पचलेलं नाही, पण तो वाद परत कधीतरी.)

प्रश्न : एपिक्युरस म्हणजे खा, प्या, मजा करा, बरोबर ना?

नाही. सुख हेच ध्येय असं तो म्हणाला हे खरं, पण लगेच पुढे स्वतःच सांगतो की याचा अर्थ दारूच्या मैफली आणि माशांनी भरलेलं टेबल नाही, शरीराला दुखणं नको आणि मनाला धास्ती नको, बस. इच्छांचे त्याने तीन गट केले, नैसर्गिक आणि गरजेच्या (भूक, तहान), नैसर्गिक पण गरजेच्या नाहीत अशा (भारी जेवण), आणि ज्या दोन्ही नाहीत अशा, म्हणजे कीर्ती, सत्ता वगैरे ज्यांना तळच नसतो. हा माणूस पत्रात मित्राला लिहितो की चीजचं एक छोटं भांडं पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल! अथेन्सच्या वेशीबाहेरच्या त्याच्या बागेत बायका आणि गुलामसुद्धा शिकायला बसायचे, त्या काळात हे लहानसहान नव्हतं. इ.स.पू. २७० मध्ये मूत्राच्या आजाराने अतिशय वेदनेत गेला, आणि शेवटच्या दिवशी लिहिलं की आपल्या जुन्या गप्पा आठवून या दुखण्याला तोंड देतोय. राजकारणापासून लांब रहा हा त्याचा सल्ला मात्र मला पटत नाही, सगळेच बागेत जाऊन बसले तर शहर कोण सांभाळणार.

प्रश्न : रोज मोबाइलवर मार्कस ऑरेलियसची वाक्यं येतात, शांत रहा, फरक पडू देऊ नका. तो सम्राट होता, त्याला काय जातंय सांगायला? आणि भावना मारून दगडासारखं जगण्यात काय मजा?

चीड समजू शकतो. फक्त दोन गोष्टी. एक, तो कोणाला सांगत नव्हता, ती वही त्याने स्वतःसाठी लिहिलेली, रोमचा सम्राट असून ग्रीकमध्ये, आणि त्याच्या काळात (इ.स. १६१ ते १८०) साथ पसरलेली, सरहद्दीवर युद्ध चालू, पोटची बरीचशी मुलं आधीच गेलेली. दुसरं म्हणजे ज्याची शिकवण वाचून तो शिकला तो एपिक्टेटस जन्माने गुलाम होता, पायाने अधू, पुढे स्वतंत्र होऊन ग्रीसमधल्या निकोपोलिसला शिकवायचा. त्यामुळे ‘पोट भरल्यावरच्या गप्पा’ हा आरोप स्टोइकांवर (मार्कस आणि एपिक्टेटस ज्या विचारपंथाचे, त्या लोकांवर) नीट बसत नाही. अ‍ॅरिस्टॉटलवर मात्र बसतो हं, त्याने गुलामगिरीचं चक्क समर्थन केलंय, ते झाकायचं काही कारण नाही.

भावनांचं म्हणाल तर स्टोइक लोक आनंदाच्या विरोधात नव्हते, चुकीच्या अंदाजातून उसळणाऱ्या राग, भीती, हाव यांच्या विरोधात होते. एपिक्टेटसचं सार्वजनिक हमामाचं उदाहरण बघा. आंघोळीला निघताना आधीच आठवा की तिथे लोक पाणी उडवतात, ढकलतात, शिव्या देतात, चोऱ्या करतात, आणि स्वतःला सांगा की मला आंघोळही करायचीय आणि डोकंही ठिकाणावर ठेवायचंय. म्हणजे तो घरी बसा म्हणत नाहीये, जाच म्हणतोय, फक्त तयारीने जा. ते फॉरवर्ड केलेलं वाक्य असतं ना, त्यातून ही आंघोळच गायब झालेली असते, उरतो नुसता थंडपणा. तो स्वतःचा एक किस्साही सांगतो. घरात देवांपाशी लोखंडी दिवा होता, एका रात्री खिडकीपाशी आवाज आला, धावत जाऊन बघतो तर दिवा चोरीला. म्हणाला, उद्या मातीचा आणू.

बाकी अ‍ॅरिस्टॉटलचा प्रायम आणि हे स्टोइक यांचं जमत नाही, हे लक्षात आलं असेलच. स्टोइक म्हणतील चांगुलपणा शाबूत असेल तर प्रायमचंही काही बिघडलं नाही. दिव्यापुरतं मी हे मान्य करतो. मुलांच्या बाबतीत माझ्याच्याने होत नाही.

प्रश्न : मला हे सगळं सीरियसली सुरू करायचंय. स्टोइक डायरी, कोर्स, काय घेऊ? बजेटचा प्रॉब्लेम नाही.

तो मातीचा दिवा आठवतोय ना? एपिक्टेटस गेल्यानंतर तो एकाने ३,००० द्राख्मांना (ग्रीकांची चांदीची नाणी) विकत घेतला, रात्री त्याच्या उजेडात वाचलं की आपल्यालाही ते शहाणपण येईल म्हणून. ही गोष्ट लुकियन नावाच्या उपहासकार लेखकाने लिहून ठेवलीय, पुस्तकं नुसती गोळा करणाऱ्या एका माणसाची टिंगल करताना.