टर्बो इंजिनाच्या ओव्हरहॉलसाठी पिस्टन रिंग कोणत्या घ्याव्यात?

आपल्या पेट्रोल इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८० मिमी आहे, त्यावर टर्बो बसणार आहे आणि होनिंग (सिलिंडरची आतली भिंत घासून फिनिश देणे) ठाण्यातील वागळे इस्टेटमध्ये करून घ्यायचे आहे. अशा वेळी वरची रिंग स्टीलची घ्यावी, कारण वाढलेल्या दाबात आणि उष्णतेत साध्या कास्ट आयर्नची रिंग तुटण्याची भीती असते. रिंग ठरल्यानंतरच होनिंग करावे, कारण सिलिंडरचे फिनिश रिंगच्या थरानुसार, म्हणजे मॉलिब्डेनम की क्रोम हे पाहून, ठेवावे लागते.

खरे लक्ष रिंगच्या गॅपवर, म्हणजे तिच्या दोन टोकांमधल्या फटीवर, द्या. टर्बो नसलेल्या इंजिनाला बोअरच्या दर मिलिमीटरमागे ०.००४ मिमी, म्हणजे ०.३२ मिमी, गॅप पुरते; टर्बोसाठी ०.००६ च्या हिशेबाने सुमारे ०.४८ मिमी धरावी, मात्र रिंगसोबतच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. गॅप कमी पडली, तर तापल्यावर रिंगची टोके एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा काठच तुटून येतो. दुसऱ्या रिंगची गॅप किंचित जास्त ठेवावी, म्हणजे दोन रिंगांमध्ये दाब साचून वरची रिंग उचलली जात नाही. मोजताना रिंग उलट्या पिस्टनने बोअरमध्ये सरळ ढकलावी आणि मगच फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावावा, तेही प्रत्येक सिलिंडरमध्ये स्वतंत्रपणे.