पान्हा जोराचा, बाळ तान्हं

मावशी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कोल्हापुरात राजारामपुरीत आले आहे. मुलगी तीन आठवड्यांची झाली. पाजायला घेतलं की मिनिटभरात तिला ठसका लागतो, तोंड सोडून पाठ ताठ करते, चिळकांडी तिच्या नाकाडोळ्यात उडते. नंतर गॅस आणि रडारड. आई म्हणते, दूध मानवत नाही. सासूबाई कागलहून फोनवर सांगतात, डब्याचं चालू करा. हिला मीच नको आहे की काय, असं वाटायला लागलंय.
— एक आई

पोरी, ते शेवटचं वाक्य आधी खोडून टाक. एवढ्याशा लेकराला आईचा राग येत नसतो. तिला धार झेपत नाही, एवढंच.

बाळ चोखायला लागलं की तुझ्या अंगात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, दुधाच्या ग्रंथींभोवतीचे बारीक स्नायू आवळतात आणि पान्हा फुटतो. कुणाचा हळू येतो, तुझा दणक्यात येतो. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर धार जोरात पडली की ग्लास कसा फेसानं भरतो? तुझी लेक घाईघाईनं गिळताना तशीच हवा पोटात घेते. गॅस तिथूनच.

आपल्याकडं बाळंतीण मांडी घालून, बाळावर वाकून पाजते. त्यात दूध वरून कोसळतं. तू पाठीमागं दोन-तीन उशा घेऊन अर्धी रेल आणि तिला पोटाला पोट लावून अंगावर पालथी घे, डोकं वरच्या बाजूला. आता दुधाला चढण लागली. जास्त आलेलं ओठाच्या कोपऱ्यातून गळून जातं, आणि ठसका लागलाच तर ती स्वतः मान मागं घेते. म्हणून डोकं दाबून धरायचं नाही, मानेला नुसता हात. खाली जुन्या लुगड्याची घडी टाक, भिजणारच आहे. रात्री कुशीवर, पोटाला पोट लावून पाजलंस तरी चालेल, फक्त तुला डोळा लागणार नाही एवढं बघ.

छातीत मुंग्या आल्या किंवा दुसऱ्या बाजूनं थेंब गळायला लागले की पान्हा आला समज. त्या वेळी करंगळी तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवून तिला अलगद सोडव, पहिली उसळी पंच्यात जाऊ दे, धार मंदावली की परत लाव. आकांत करेपर्यंत थांबू नको, भुकेजलेलं बाळ जोरानं ओढतं. अर्धवट झोपेत असतानाच घे, आणि मध्येच खांद्यावर टाकून ढेकर काढ.

पंप आणला असशील तर कपाटात ठेव. काढशील तेवढं शरीर मागणी समजून आणखी बनवतं. छाती दगडासारखी झालीच तर हातानं मऊ होईपुरतं काढ, बस्स. एका वेळी एकाच बाजूला पाजून तिचं पोट भरत असेल तर हरकत नाही. पण तासन्‌तास एकच बाजू देण्याची युक्ती कुणी सांगितली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दुसऱ्या बाजूला गाठी धरतात, ताप भरतो, नाहीतर दूध नको तेवढं आटतं.

आता आईचं स्वयंपाकघर. आळिवाची खीर, मेथीचे लाडू, शतावरी हे सगळं दूध वाढावं म्हणून. त्यानं किती वाढतं यावर वाद घालत नाही, पण तुला गरजच नाही. लाडू घरातल्या बाकीच्यांना वाट. रविवारचा पांढरा रस्सा मात्र खुशाल खा, धारेशी त्याचा काही संबंध नाही. तिला बाळगुटी, ग्राईप वॉटर, मध यातलं काही नको. पहिले 6 महिने फक्त अंगावरचं.

सासूबाईंशी हुज्जत घालू नको, त्यांना वजन सांग. आशाताई 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येऊन वजन करतात. नाही आल्या तर डॉक्टरांकडं काटा आहेच. रोज सरासरी 20 ते 30 ग्रॅम वाढ आणि दिवसाला 6 किंवा जास्त ओली दुपटी असतील, तर डब्याचा विषय संपला.

ओठ निळे पडले किंवा श्वास अडकल्यासारखा वाटला तर तडक आपलं सरकारी सीपीआर रुग्णालय किंवा जवळचं बाळांचं हॉस्पिटल गाठ. धार मंद असतानाही ती दर वेळी गुदमरत असेल, वजन वाढत नसेल, शीतून रक्त दिसलं, तर बाळाच्या डॉक्टरांना लगेच दाखव. तुझी छाती लाल होऊन ताप आला तर तूही अंगावर काढू नको.

बहुतेक जणींचं दूध दीड ते तीन महिन्यांत बाळाच्या मागणीपुरतं बेताचं होतं, आणि तोवर लेकही गिळायला तरबेज होते. सासूबाई बघायला येतील तेव्हा उशा लावून त्यांच्यासमोरच पाज. त्या मांडी घालायला सांगतील. हसून हो म्हण आणि तशीच रेलून राहा.